शिवेवरचें बंदर

श्रोतेहो, मुंबईहून सायंकाळच्या गाडीनें घरीं परतणारा कल्याणकर ठाणें स्टेशन सोडतो न सोडतो, तोंच गाडीच्या चाकांचा आवाज बदलतो. गाडी खाडीच्या पुलावर आलेली असते. खिडकीजवळ जागा मिळण्याइतका तो भाग्यवान असेल, तर त्याला खालीं गढूळ पाण्याचा एक पट्टा दिसतो, आणि तो पाहून होतो न होतो तोंच कळव्याचीं घरें सुरू होतात. एवढ्या अवधींत आपण एक राज्य सोडून दुसऱ्या राज्यांत आलों, असें त्याच्या स्वप्नांतहि येत नाहीं. आणि तें खरेंहि नाहीं. पण सोळाव्या शतकाच्या मध्यापासून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत, मधलीं सुमारें सदतीस वर्षें वगळलीं, तर या पाण्याच्या एका कांठावर एका सरकारचा अंमल असे आणि दुसऱ्या कांठावर दुसऱ्याचा. आज मी आपल्याशीं बोलणार आहें तें या पाण्याच्या रेघेविषयीं, आणि त्या रेघेनें कल्याणचें काय केलें याविषयीं.

सरहद्दी बदलण्याची गोष्ट निघाली कीं आपणां सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढें युरोपचा नकाशा उभा राहतो. आल्सासचा प्रांत १८७१ सालीं फ्रान्सकडून जर्मनीकडे गेला, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे परत आला, १९४० सालीं पुन्हां जर्मनांनीं घेतला आणि १९४५ पर्यंत फिरून फ्रान्सचा झाला, हें आपण परीक्षेसाठीं कधीं ना कधीं घोकलेलें असतें. तेथील माणसाला घर न सोडतां राष्ट्र बदलावें लागलें याचें आपल्याला नवलहि वाटतें. आतां हाच हिशोब घरच्या अंगणांत करून पाहा. १६३० सालीं कल्याणांत जन्मलेला आणि साठ वर्षें जगलेला एखादा कोष्टी किंवा कोळी डोळ्यांसमोर आणा. तो जन्मला निजामशाहींत. सहा वर्षांचा असतांना आदिलशाहींत गेला. सत्ताविसाव्या वर्षीं शिवाजी महाराजांच्या राज्यांत आला, एकतिसाव्या वर्षीं मोगलाईंत, चाळिसाव्या वर्षीं पुन्हां मराठी राज्यांत, आणि मरतांना तो पुनश्च मोगलांचा प्रजाजन होता. पांच वेळां सरकार बदललें. माणूस वेशीबाहेरहि गेला नसेल.

असें कां झालें, हें समजण्यास प्रथम भूगोल पाहिला पाहिजे. सह्याद्रीच्या कुशींतून निघालेली उल्हास नदी कर्जत, बदलापूर असा प्रवास करून कल्याणास येते, आणि येथें तिची खाडी होते. भरतीचें पाणी दुर्गाडीच्या पायथ्याशीं चढतें. मागें वळून पाहिलें, तर नाणेघाटाचा रस्ता जुन्नराकडे आणि तेथून पैठणाकडे जातो. म्हणजे देशावरचा माल ज्या ठिकाणीं बैलाच्या पाठीवरून उतरून गलबतांत चढावा, अगदीं तें हें ठिकाण. बंदराला याहून चांगली जागा कोणती?

पण या जागेंत एक खोट आहे. कल्याणपासून समुद्र दूर, आणि वाट अरुंद. उल्हासचें पाणी ठाण्याच्या अंगास येऊन दोहोंकडे वांटलें जातें. एक वाट दक्षिणेस ठाण्याच्या खाडीनें मुंबईच्या बंदराकडे जाते. दुसरी घोडबंदरावरून पश्चिमेस वसईकडे. या दोन वाटांच्या बेचक्यांत साष्टीचें बेट बसलेलें आहे. कल्याणचें जहाज कोणत्याहि वाटेनें निघालें तरी त्याला साष्टीच्या कांठाकांठानें जावें लागणार. तेव्हां साष्टी ज्याची, त्याच्या हातीं कल्याणचा गळा. कल्याण कोणाचें, या प्रश्नापेक्षां कल्याणच्या खाडीचें तोंड कोणाचें, हा प्रश्न या गांवाच्या नशिबाला नेहमींच अधिक महत्त्वाचा ठरला आहे. इतिहासकार राजधान्यांकडे पाहून लिहितात, म्हणून ही साधी गोष्ट त्यांच्या लिखाणांत मागें पडते, असें माझें नम्र मत आहे.

याचा पहिला दाखला जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वींचा आहे. लाल समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती देणारें ‘पेरिप्लस’ नांवाचें एक ग्रीक पुस्तक पहिल्या शतकांत कोणा अनाम व्यापाऱ्यानें लिहिलें. त्यांत कल्याणचा उल्लेख आहे. थोरल्या सारगनसाच्या काळीं, म्हणजे बहुधा एका सातकर्णी राजाच्या अमदानींत, ही कायदेशीर बाजारपेठ होती. पुढें संदनेस नांवाच्या राजपुरुषाच्या हातीं ती आल्यावर तेथें मोठा प्रतिबंध झाला, आणि चुकून तेथें आलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचला नेण्यांत येऊं लागलीं, असें तो सांगतो. हा संदनेस कोण, याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. कोणी त्याला सातवाहनांपैकीं मानतात, कोणी क्षत्रपांचा मानतात. त्या वादांत पडण्याचें आज कारण नाहीं. आपल्याला एवढें पुरें कीं, देशावर सातवाहन आणि भडोचला क्षत्रप अशा दोन सत्तांच्या झगड्यांत कल्याण सांपडलें होतें, आणि त्याची शिक्षा बंदराला झाली. कल्याणच्या वाङ्मयांतील पहिल्या दर्शनींच तें शिवेवर उभें आहे.

अर्थात् बंदर मेलें नाहीं. साष्टी बेटावरील कान्हेरीच्या लेण्यांत दानें देणाऱ्यांचीं जीं नांवें कोरलेलीं आहेत, त्यांत कल्याणच्या लोकांचीं नांवें पुष्कळ आहेत. सहाव्या शतकांत कॉस्मस नांवाच्या ख्रिस्ती प्रवाशानें पश्चिम किनाऱ्यावरील मोठ्या बाजारपेठांत कल्याणची गणना केली, आणि तेथें इराणांतून नेमलेला एक बिशप असतो, अशीहि नोंद केली. कान्हेरीला दान देणारा कल्याणकर खाडी उतरून जात असे, आणि तेव्हां खाडी ही शीव नव्हती. ती वाट होती. पुढें शिलाहारांच्या राज्यांतहि हेंच. चौदाशें गांवांचा म्हणून ओळखला जाणारा त्यांचा उत्तर कोंकण खाडीच्या दोन्ही तीरांवर पसरला होता. कल्याणपासून हांकेच्या अंतरावर असलेलें अंबरनाथचें देवालय शके ९८२ चें, म्हणजे १०६० सालचें. मुम्मुणी राजाच्या वेळचा शिलालेख त्यावर आहे. तें कोरीव काम पाहिलें म्हणजे या भागांत त्या काळीं पैसा किती खेळत असला पाहिजे, हें निराळें सांगावें लागत नाहीं. शेवटचा शिलाहार सोमेश्वर देवगिरीच्या महादेव यादवाशीं लढतांना १२६५ च्या सुमारास समुद्रांत बुडून मेला. त्यानंतर यादव, मग मुसलमानी सत्ता; कल्याणला इस्लामाबाद असें नांवहि मिळालें. लोकांनीं तें स्वीकारलें नाहीं. सरकारनें ठेवलेलीं नांवें कशीं टिकतात अथवा टिकत नाहींत, यावर कोणी स्वतंत्र भाषण करावें.

खरी रेघ ओढली गेली ती १५३४ सालीं. गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें हुमायूनच्या भीतीनें पोर्तुगीजांशीं तह करून वसई व तिच्याखालचा मुलूख त्यांना देऊन टाकला. साष्टी गेली, ठाणें गेलें, मुंबईचें बेटहि गेलें. कल्याण मात्र पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर राहिलें, आणि निजामशाहीच्या पदरीं पडलें. कल्याणला ज्याची स्वप्नांतहि कल्पना नव्हती, अशा एका तहानें खाडीच्या दोन्ही तोंडांवर लिस्बनच्या राजाचें निशाण लागलें. तेथून पुढें दोनशें वर्षें कल्याणचा धनी कोणीहि असो, तो कोंडलेला धनी होता.

१६३६ सालीं शहापूरजवळच्या माहुली किल्ल्यांत शहाजीराजांनीं शस्त्र खालीं ठेवलें आणि निजामशाही संपली. शाहजहान व आदिलशहा यांनीं तिचे लचके वांटून घेतले, त्यांत कोंकणचा हा भाग विजापूरकडे आला. १६५७ सालीं शिवाजी महाराजांनीं कल्याण व भिवंडी घेतलीं. या घटनेविषयीं कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची कथा महाराष्ट्रांत लहान मुलालाहि ठाऊक असते. ती कथा आपल्याला प्रिय आहे. परंतु तिच्या तेजांत दुसरी एक गोष्ट झांकली गेली. महाराजांच्या हातीं येथें प्रथमच खाडी आली, आणि खाडीबरोबर आरमाराचा विचार आला. कल्याण, भिवंडी, पनवेल येथें लढाऊ जहाजें बांधण्याचें काम सुरू झालें. काम जाणणारे कारागीर म्हणून रुई लैतांव व्हिएगस व त्याचा पुत्र या पोर्तुगीजांना चाकरीस ठेवलें. त्यांना त्यांच्याच सरकारनें पुढें फितवून परत बोलावलें. १६५९ सालीं गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं आपल्या राजाला कळविलें कीं, शहाजीचा मुलगा वसईच्या भागांतील बंदरांत जहाजें बांधीत आहे, आणि तीं बाहेर पडूं नयेत अशी आज्ञा आम्हीं दिली आहे.

श्रोतेहो, या पत्रांतील शेवटच्या वाक्यांत कल्याणची सगळी दुःखकथा आहे. जहाजें बांधतां येत होतीं. लांकूड जवळच्या रानांतून येत होतें. माणसें होतीं, पैसा उभा राहत होता. पण बाहेर पडण्यास दुसऱ्याची परवानगी लागत होती. मराठी आरमाराचा मान पुढें सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, कुलाबा यांच्याकडे गेला आणि कल्याणकडे आरंभाचा तेवढा राहिला, याचें एक मोठें कारण मला या कोंडीत दिसतें. त्यांत १६६१ सालीं मोगलांनीं कल्याण घेतलें तें नऊ वर्षें सोडलें नाहीं. १६७० सालीं मराठे परत आले. संभाजी महाराजांच्या पाडावाबरोबर तें पुन्हां गेलें. औरंगजेबाच्या अमदानींत, १६९४ च्या सुमारास, गांवाभोंवतींचा चार दरवाजांचा आणि अकरा बुरुजांचा कोट पुरा झाला. मोगल अधिकारी मातबरखान याचें नांव या काळाशीं निगडित आहे. कोट बांधणें हें सरहद्दीवरच्या गांवाचें लक्षण. व्यापाऱ्याला भिंतीपेक्षां धक्का अधिक लागतो.

१७१९ च्या सनदांत कल्याण-भिवंडी शाहू महाराजांच्या स्वराज्यांत धरलीं गेलीं, आणि तेव्हांपासून पेशव्यांचा अंमल येथें स्थिर झाला. त्यांच्या लोकांना खाडीचें मर्म कळलें होतें असें दिसतें. १७३७ च्या मार्चांत मराठी फौज कळव्याच्या बाजूनें खाडी उतरून ठाण्यांत शिरली. ठाणें आणि साष्टी हातीं आलीं, आणि दोन वर्षांनीं, १७३९ च्या मे महिन्यांत, चिमाजी अप्पांनीं वसई घेतली. वसईच्या पराक्रमाचे पोवाडे आपण गातों. तो धर्माचा, मानाचा विषय म्हणून गातों आणि तें योग्यच आहे. पण कल्याणच्या एखाद्या गलबतवाल्याला त्या दिवशीं काय वाटलें असेल? दोनशें वर्षांनंतर प्रथमच बंदर आणि बंदराचें तोंड एका धन्याकडे आलें होतें.

ही सुखाची पस्तीस वर्षें. कल्याण हें सुभ्याचें ठिकाण होतें. रामाजी महादेव बिवलकर यांच्यासारखा कर्ता सुभेदार त्याला लाभला. त्यांच्या नांवाशीं जोडलेला सुभेदारवाडा आज शाळा आणि गणेशोत्सव यांमुळें प्रत्येक कल्याणकराला परिचित आहे. आणि येथेंच मला एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. १७५५-५६ सालीं तुळाजी आंग्र्यांचा पाडाव करण्यासाठीं पेशव्यांनीं मुंबईच्या इंग्रजांशीं हातमिळवणी केली, तेव्हां पेशव्यांच्या बाजूनें सर्व बोलणें आणि मोहीम चालविणारे हेच रामाजी महादेव. सुवर्णदुर्ग पडला, विजयदुर्ग पडला, आणि मराठ्यांचें सर्वांत बळकट आरमार इंग्रजांनीं बंदरांतच जाळलें. आंग्र्यांचा उद्दामपणा खरा. घरच्या माणसावर राग असणेंहि समजतां येतें. परंतु समुद्राचा पहारेकरी मारल्यावर समुद्रावरून चोर येणार नाहीं, हा हिशोब चुकलेला होता. अठरा वर्षें गेलीं. १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला, साष्टी घेतली, आणि ती पुन्हां कधींहि सोडली नाहीं.

पहिल्या इंग्रज-मराठे युद्धांत, १७८० च्या मे महिन्यांत, इंग्रजांनीं खाडी उतरून कल्याणहि घेतलें. मराठ्यांनीं तें परत मिळविण्यासाठीं वेढा दिला. हार्टले नांवाच्या सेनाधिकाऱ्यानें ऐन वेळीं येऊन तो उठविला. १७८२ च्या सालबाईच्या तहानें कल्याण पेशव्यांना परत मिळालें, वसईहि मिळाली. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. पुण्यांत हा तह बरा वाटला असावा. गेलेला मुलूख बहुतेक परत आला होता. पण नकाशावर बोट ठेवून पाहा: बंदर पेशव्यांचें, आणि ठाण्याचा नाका इंग्रजांचा. १५३४ ची रेघ जशीच्या तशी परत आली. फक्त पलीकडचें निशाण बदललें.

ही रेघ पुढें पस्तीस वर्षें टिकली, आणि ती पुसली गेली ती एका पलायनानें. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाचा आरोप ज्यांच्यावर आला, ते बाजीरावांचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे यांना इंग्रजांनीं ठाण्याच्या किल्ल्यांत कैदेंत ठेवलें होतें. कैदी ठेवण्यास ही जागा मोठी चमत्कारिक. कारण किल्ल्याच्या भिंतीवरून खाडी दिसे, आणि खाडीपलीकडे पेशव्यांचें राज्य सुरू होई. १८१६ च्या सप्टेंबरांत एका रात्रीं त्रिंबकजी निसटले. त्यांना शोधून काढून आमच्या हवालीं करा, असा तगादा एल्फिन्स्टननें बाजीरावांमागें लावला, आणि शेवटीं १३ जून १८१७ रोजीं पुण्याच्या तहावर बाजीरावांना सही करावी लागली. त्या तहानें बेलापूर, आटगांव, कल्याण आणि त्यांच्या उत्तरेस गुजराथेपर्यंतचा, सह्याद्री व समुद्र यांमधला सर्व मुलूख कंपनीच्या स्वाधीन झाला. म्हणजे पेशवाई बुडण्याच्या एक वर्ष आधींच कल्याण इंग्रजी झालें होतें, आणि तेंहि लढाई न होतां.

आतां दोन्ही तीर पुन्हां एका सरकारचे झाले. बंदराचे दिवस परत यावयास हरकत नव्हती. परंतु या सरकारचें बंदर मुंबई होतें. त्याला कल्याणची गरज निराळ्या कामासाठीं होती. १ मे १८५४ रोजीं ठाण्याच्या खाडीवरील पुलावरून आगगाडी कल्याणास आली. पुढें बोरघाट आणि थळघाट चढून गेलेले दोन फांटे येथेंच फुटले, आणि देशावरचा माल कल्याणास उतरण्याऐवजीं कल्याणावरून निघून जाऊं लागला. मी जंक्शनला नांवें ठेवीत नाहीं. आज लक्षावधि माणसांचा चरितार्थ त्याच्यावर चालतो. पण गलबत जेथें थांबतें तेथें पेठ वसते, आणि गाडी जेथें थांबते तेथें मुख्यतः फलाट वाढतो, हा फरक आमच्या गांवानें अनुभवला आहे.

इंग्रजी अमदानींत राज्यें बदललीं नाहींत, जिल्हे बदलले. प्रथम उत्तर कोंकण नांवाचा जिल्हा होता. १८३० सालीं त्याला बाणकोटपर्यंतचा मुलूख जोडला, १८३३ सालीं त्याचें नांव ठाणें ठेवलें. मग कापाकापी सुरू झाली. १८६९ त कुलाबा वेगळा निघाला, १८८३ त पनवेल आणि १८९१ त कर्जत त्याच्याकडे गेलें. १९२० सालीं साष्टीचा दक्षिण भाग मुंबई उपनगर जिल्ह्यांत गेला. मुंबईच्या लोकांना येथें एक गंमत सांगतों. ज्या शीव स्टेशनावरून आपण रोज जातां, त्याचें नांवच ‘शीव’ आहे. मुंबईचें बेट तेथें संपे आणि साष्टीची हद्द तेथून सुरू होई. ती शीव सरकत सरकत मुलुंडापर्यंत आली. नांव मात्र मूळ जागींच राहिलें.

मग १९४७ सालीं एक रेघ हजार मैलांवर ओढली गेली, आणि तिनें कल्याणचें रूप पार पालटून टाकलें. अखंड सिंध पाकिस्तानांत गेला. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ ज्या लष्करी छावण्या उभारल्या होत्या, त्यांच्या बराकींत सिंधमधून आलेलीं निर्वासित कुटुंबें येऊन उतरलीं. त्यांची संख्या लाखाच्या घरांत गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनीं या वसाहतीचें उल्हासनगर असें नांव ठेवलें. नदीचें नांव गांवाला मिळालें. १९६९ सालीं कल्याण तालुक्यांतून उल्हासनगरचा निराळा तालुका निघाला. माझ्या शेजारीं राहणारे एक वृद्ध सिंधी गृहस्थ एकदां मला म्हणाले होते, “तुम्ही शीव वाचतां, आम्हांला शिवेनें वाचलें.” त्यांचें मराठी कामचलाऊ होतें, त्यामुळें या वाक्याचा अर्थ त्यांना नेमका काय करावयाचा होता, तें मीं विचारलें नाहीं.

आतांच्या सरहद्दी तहांनीं ठरत नाहींत, अधिसूचनांनीं ठरतात. कल्याणची नगरपालिका १८५५ सालची, म्हणजे आगगाडीच्या बरोबरीची. १ ऑक्टोबर १९८३ रोजीं तिची महानगरपालिका झाली. डोंबिवली तींत आली, अंबरनाथ आणि बदलापूर आलीं, भोंवतालचीं खेडीं आलीं. १९९२ सालीं अंबरनाथ-बदलापूर बाहेर पडलीं. सत्तावीस गांवें म्हणून जीं प्रसिद्ध आहेत, तीं २००२ सालीं वगळलीं गेलीं आणि २०१५ सालीं पुन्हां आंत घेतलीं गेलीं. २०२० सालीं त्यांतील अठरा गांवें परत बाहेर काढण्याची अधिसूचना निघाली. ती त्याच वर्षीं डिसेंबरांत मुंबई उच्च न्यायालयानें रद्द केली. मध्यंतरीं, २०१४ च्या १ ऑगस्टला, ठाणें जिल्ह्याचा उत्तरेकडील मोठा भाग तोडून पालघर जिल्हा निर्माण झाला, आणि वसई, जी एके काळीं आमच्या खाडीची किल्ली होती, ती आमच्या जिल्ह्यांतून गेली.

या सत्तावीस गांवांतील एका घरीं मी गेल्या वर्षीं लग्नानिमित्त गेलों होतों. यजमान शेतकरी, आगरी समाजांतले, बोलायला मोकळे. त्यांनीं कपाटांतून घरपट्टीच्या पावत्यांचा जुडगा काढून माझ्यापुढें ठेवला. कांहींवर ग्रामपंचायतीचा शिक्का, कांहींवर महापालिकेचा, मग पुन्हां ग्रामपंचायतीचा, मग पुन्हां महापालिकेचा. “घर तेंच आहे,” ते म्हणाले, “आणि पाणीहि तेवढेंच येतें.” पावत्या त्यांनीं सालवार लावून ठेवल्या होत्या. मीं त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिल्या, आणि मग आम्हीं जेवायला उठलों.